मॅडमची अ‍ॅलर्जी

हॉल बायकांनी भरला होता. रोह्यातल्या डॉक्टरांच्या घरी नातवाचं बारसं होतं. पाळण्याला फुलं बांधली होती, पेढ्यांचा खोका उघडा होता, आणि बाळ रडत होतं. त्याची आई साडी ठीक करायला आत गेली होती. रडून रडून त्याचं तोंड लाल झालं तरी कुणी उठेना. सगळ्यांच्या हातांत बशा होत्या. पाळण्याजवळ मीच होते, रिकामे कप गोळा करत. मी ट्रे खाली ठेवला, हात ओढणीला पुसले आणि बाळाला उचललं. ते लगेच गप्प झालं.

स्वयंपाकघरातून मॅडम आल्या. मॅडम म्हणजे डॉक्टरांची बायको. घरी येणारे सगळे त्यांना मॅडम म्हणत, म्हणून मीही म्हणायची. त्यांनी बाळ माझ्या हातातून ओढून घेतलं.

"हिला कुणी हात लावू दिला? बाळाला अ‍ॅलर्जी होईल हिची."

बाळाभोवतीचं दुपटं त्यांनी दोन बोटांनी काढलं आणि मोरीत टाकलं. मग मला बेसिनपाशी उभं केलं. बेसिन हॉलमध्येच होतं, सगळ्यांच्या समोर. खालच्या दवाखान्यातून जंतुनाशकाची बाटली मागवली. म्हणाल्या, कोपरापर्यंत धू. मी धुतले. म्हणाल्या, परत. मी परत धुतले. औषधाने डोळे चुरचुरत होते. मी रडत नव्हते, पण तसं दिसत असणार. एका बाईने हळूच विचारलं, काय झालंय हिला? मॅडम म्हणाल्या, "खाडीकडची आहे ना ती." बाई "अच्छा" म्हणाली. आणि आपली पर्स शेजारच्या खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतली.

डॉक्टर दारात उभे होते. त्यांना आम्ही सर म्हणायचो. त्यांच्या हातात अर्धा पेढा होता. त्यांनी सगळं पाहिलं, उरलेला पेढा तोंडात टाकला आणि खाली दवाखान्यात गेले.

मी तेव्हा अकरावीत होते.

कासू स्टेशनच्या पलीकडे खाडीच्या अंगाला आमचं गाव. बाप मिठागरावर कामाला. मिठाच्या पाण्यात उभं राहून राहून त्याच्या पायांना भेगा पडायच्या. त्या चिघळायच्या, मग तो रोह्याला या डॉक्टरांकडे जायचा. सर चांगलं औषध देत. हे मी नाकारत नाही. माझ्या बापाचे पाय त्यांनी वाचवले, हे बाप गावभर सांगत फिरायचा.

आणि त्या बदल्यात तो जिताडा द्यायचा. आमच्याकडची ही जुनी रीत. पावसात खाडीचं पाणी शेतात चढलं की जिताड्याची पिल्लं येतात. ती धरायची, घरामागच्या तळ्यात सोडायची आणि वाढवायची. सावकाश वाढतो हा मासा. घरची पोरं त्याला वाढताना बघतात, पण तो पोरांसाठी नसतो. तो मोठ्या माणसासाठी असतो. तलाठ्याला, मास्तरला, डॉक्टरला, ज्याच्याशी काम अडतं त्याला. मी लहान असताना विचारलं होतं की आपला जिताडा आपण कधी खायचा. बाप हसला होता. आम्ही मासळीवाली माणसं, पण जिताड्याची चव मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हती. आम्ही चिखलातल्या निवट्या खायचो, सुकट खायचो. जिताडा साहेब खायचे.

दहावीला मला बरे मार्क पडले. मला नर्स व्हायचं होतं, त्यासाठी सायन्स पाहिजे होतं. सर बापाला म्हणाले, पोरीला आमच्याकडे ठेव, घरात मदत करेल, कॉलेज करेल. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आनंद झाला. डॉक्टरांच्या घरात राहायचं म्हणजे निम्मी नर्स झाल्यासारखंच वाटलं.

तिथे मी पहिल्याच आठवड्यात तो शब्द शिकले. आईने पिशवीत सुकटीची पुडी दिली होती. मॅडमनी ती पुडी पिशवीसकट बाहेर फेकायला लावली. म्हणाल्या, मला अ‍ॅलर्जी आहे. मला वाटलं, असेल. मोठ्या माणसांना असते. मग माझ्या केसांच्या तेलाची अ‍ॅलर्जी निघाली. माझे कपडे त्यांच्या दोरीवर वाळत घातले तर घरातल्यांना अ‍ॅलर्जी, म्हणून माझ्यासाठी मागे कंपाउंडच्या तारेवर जागा. मी सोफ्यावर टेकले तर कापडातून अ‍ॅलर्जी. माझी चटई जिन्याखाली, कारण आतल्या खोलीत हवा खेळत नाही आणि अ‍ॅलर्जी वाढते. भांडी मात्र मीच घासायची. लादी मीच पुसायची. त्या वेळी अ‍ॅलर्जी कुठे जायची हे विचारायचं मला सुचलं नाही. घर डॉक्टरांचं. शब्द डॉक्टरी. त्यात आपण काय बोलायचं?

कुणी मला जातीवरून बोललं असतं तर मी ओळखलं असतं. गावात तेवढं शिकले होते. पण इथे कुणी वाकडा शब्द काढला नाही. मॅडम आवाज चढवत नसत. सर तर बोलतच नसत. औषधाची गोळी द्यावी तसा तो शब्द मला रोज दिला गेला, सकाळी, दुपारी आणि रात्री. आणि मी तो गिळला. बारशानंतर माझी खात्री झाली की माझ्या अंगात काहीतरी आहे. माझ्या हातातून, घामातून, श्वासातून ते बाहेर पडतं आणि चांगल्या माणसांना लागतं. मी अंघोळ करताना कातडी लाल होईपर्यंत घासायची. कॉलेजात बाकाच्या टोकाला बसायची. मैत्रिणीने डबा पुढे केला तर नको म्हणायची. तिला वाटलं मी शिष्ट आहे.

त्याच वर्षी बाप जिताडा घेऊन आला. ओल्या गोणपाटात पेंढा घालून, कासूवरून गाडीने. मागच्या जिन्याने वर आला, दाराबाहेर पायरीवर उकिडवा बसला. मॅडम बाहेर आल्या. माशाचे कल्ले उघडून पाहिले, बोटाने दाबून पाहिलं, खूश झाल्या. म्हणाल्या, ताजा आहे हं. मासा ओट्यावर गेला. बाप पायरीवर राहिला. चहा पायरीवर आला. माझ्या हातून मॅडमनी मोरीत खवले काढून घेतले आणि मग मासा चार पाण्यांनी धुतला. संध्याकाळी घरभर कालवणाचा वास होता. सुकटीने ज्यांना अ‍ॅलर्जी होत होती त्या मॅडम जिताड्याचं डोकं चोखून खात होत्या. तळाला उरलेला रस्सा मला मिळाला. तीच माझी जिताड्याची पहिली चव. खरं सांगते, फार आवडली. आवडली याचाच आज राग येतो.

अकरावीची परीक्षा झाली आणि मी सुट्टीला घरी गेले. माझी थोरली बहीण बाळंत होऊन माहेरी आली होती. पहिलीच मुलगी. ताई दारातच उभी होती, बाळ हातात. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"बघ कोन आलाय. मावशी आली. घे गो, घे."

तिने बाळ पुढे केलं. मी मागे सरले. भिंतीला पाठ लागली तरी मागे सरत होते.

"नको गो ताई. माझे अंगात अ‍ॅलर्जी हाय. लागंल तिला."

ताईचे हात तसेच पुढे राहिले. मग तिने बाळ हळूहळू छातीशी नेलं. मला वाटलं ती चिडेल. ती घाबरली. चिडली असती तर बरं झालं असतं.

घरात त्यांना हा शब्द नीट कळत नव्हता, पण डॉक्टरांच्या घरातून आलेला आहे हे कळत होतं. तेवढं पुरलं. आईने रात्री माझी चटई ओसरीवर टाकली. माझं ताट वेगळं ठेवलं. ती रडत होती आणि ताट वेगळं ठेवत होती. म्हणाली, "लेकरू नाजूक हाय गो. तवर लांब र्‍हा." रोह्यात जे मॅडम करत होत्या तेच आता माझी आई करत होती, माझ्याच घरात, प्रेमाने. मला त्यात चूक काही दिसली नाही. मीच तिला सांगितलं, माझा तांब्यासुद्धा वेगळा ठेव.

जवळजवळ सगळी सुट्टी अशी गेली. बाळ आत रडायचं आणि मी ओसरीवर पाय पोटाशी घेऊन बसायची. ते कुशीवर वळायला शिकलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मी खिडकीतून पाहिलं.

शेवटी आईलाच राहवेना. ती मला पेणला घेऊन गेली, रामवाडीत एका डॉक्टरबाईंकडे. लहान दवाखाना, पडद्याआड तपासणी, पडद्याबाहेर बाकावर पेशंट. आईने हात जोडून सांगितलं की पोरीच्या अंगात अ‍ॅलर्जी आहे, घरात तान्हं लेकरू आहे, औषध द्या. बाईंनी मला विचारलं, खाज येते? नाही. पुरळ? नाही. शिंका, धाप, डोळे सुजतात? नाही.

"मग होतं कुणाला?"

मी म्हटलं, मॅडमना. मी ज्यांच्याकडे राहते त्यांना.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मोठ्याने हसल्या. हसता हसता म्हणाल्या, "अगं, मग आजारी त्या. तू कशाला आलीस?"

पडद्याबाहेर सगळे हसले. कंपाउंडरही हसला. आई पण कसनुसं हसली, सगळे हसताहेत म्हणून. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. बाईंच्या मनात वाईट नसावं. त्यांना गंमत वाटली. पुढचा पेशंट बोलवायच्या आधी त्यांनी मला घाईघाईत समजावलं. म्हणाल्या, मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. खाल्ली की माझं अंग सुजतं. म्हणून कोळंबीला रोग झाला का? अ‍ॅलर्जी ज्याला होते त्याच्या अंगात असते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. जा, भाचीला घे खुशाल.

एवढंच. मी इतका काळ जे अंगावर वाहिलं ते काढायला त्यांना एवढाच वेळ लागला.

घरी परतताना ते हसणं कानात होतं. पण त्याहून वाईट एक गोष्ट डोक्यात चढत होती. जी गोष्ट रामवाडीतल्या बाईंना हसता हसता माहीत होती, ती रोह्याच्या सरांना माहीत नव्हती? ते रोज पेशंटला विचारायचे, कसली अ‍ॅलर्जी आहे का. मी दवाखान्यातली लादी पुसताना माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांच्याच दवाखान्यातल्या बाटलीने मी कोपरापर्यंत हात धुतले आणि त्यांनी पेढा संपवला. त्या घरात त्या शब्दाचा अर्थ न कळणारी मी एकटीच होते. बाकी सगळे तो नीट समजून वापरत होते. आमचे आजे ज्याला विटाळ म्हणत तीच ही गोष्ट. तिला फक्त पांढरा कोट घातला होता.

त्या संध्याकाळी मी भाचीला घेतलं. ती रडायला लागली. मला ती ओळखत नव्हती.

बारावीला मी परत रोह्याला गेले. जावंच लागलं. दुसरी राहायची जागा नव्हती, आणि बारावी गेली तर नर्सिंग गेलं. मी ठरवलं होतं की परीक्षेपर्यंत दात आवळून राहायचं. थंडीपर्यंत राहिलेही. आता तो शब्द कानावर पडला की त्याचा खरा अर्थ ऐकू यायचा, पण मी गप्प. कपडे तारेवर, चटई जिन्याखाली, मी गप्प.

मग बाप पुन्हा जिताडा घेऊन आला. या वेळी तळ्यातला सगळ्यांत मोठा. पोरीचं बारावीचं वर्ष, म्हणून. त्या दिवशी सरांचे दोन डॉक्टर मित्र बायकांसह जेवायला होते. बाप मागच्या पायरीवर बसला होता, रिकामं गोणपाट परत न्यायचं म्हणून थांबलेला. मी टेबलावर पाणी ठेवायला गेले. सरांचा नातू आता धरून धरून चालत होता. तो माझ्याकडे आला आणि माझ्या ओढणीला लोंबकळला. मी त्याला हात लावला नाही. त्यानेच धरलं होतं.

मॅडम हसत पाहुण्यांना म्हणाल्या, "सोड रे राजा तिला. अ‍ॅलर्जी होईल." आणि मला म्हणाल्या, "जा, हात धुऊन ये."

त्यांच्या ताटात माझ्या बापाचा मासा होता.

मी तांब्या टेबलावर ठेवला. माझा आवाज चढला नाही. मला वाटलं होतं मी ओरडेन, पण तसं झालं नाही.

"मॅडम, माझ्या अंगात काही नाही. तुम्हाला माझी अ‍ॅलर्जी असेल तर ती तुमच्या अंगात आहे. औषध तुम्ही घ्या."

मी सरांकडे वळले.

"सर, तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही सांगा. बाळाला माझी अ‍ॅलर्जी होते का?"

सर ताटातला काटा काढत होते. तो त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. वर न बघता म्हणाले, "जेवताना हा विषय नको."

पाहुण्यांतल्या एकानेही मान वर केली नाही. चार शिकलेली माणसं, त्यातले दोघे डॉक्टर, आणि सगळ्यांचं लक्ष काट्यात. मॅडमनी रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाल्या, सामान आवर, वडील आलेच आहेत. त्यांना राग आलेला दिसला नाही, लाज तर नाहीच. एखादी कामवाली काढून टाकताना असतो तेवढाच त्रास त्यांच्या चेहऱ्यावर होता.

बापाने पायरीवरून सगळं ऐकलं होतं. तो दारापर्यंत आला, आत आला नाही. हात जोडले.

"पोर हाय. चुकली. तुमी मोठी मानसा. माफ करा तिला."

मॅडमनी दार लोटलं. आतून बशांचे आवाज पुन्हा सुरू झाले. मासा वाया घालवायचा नव्हता त्यांना.

रोहा स्टेशनवर बाप बाकावर बसला, मी उभी राहिले. त्याच्या भेगा पडलेल्या पायांवर तो डॉक्टर आता हात ठेवणार नव्हता, आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं. गाडी यायच्या आधी तो एकदाच बोलला. "एवढा मोठा केलेला जिताडा. सगला पान्यात घातलास." नंतर कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण तो जोडलेल्या हातांनी उभा होता ते मला अजून दिसतं, आणि त्यासाठी मी त्या घराला कधीही माफ करणार नाही.

उरलेले महिने कासूवरून जाऊन येऊन बारावी दिली. अभ्यास गाडीत आणि स्टेशनवर. गाडी चुकली की वर्ग चुकला. पास झाले, पण मार्क कमी पडले. नर्सिंगला नंबर लागला नाही. जे बोलले त्याची किंमत पूर्ण घेतली गेली. बोलल्याने सगळं चांगलं होतं असं जे सांगतात त्यांनी कधी बोलून बघितलेलं नसतं.

आज मी पेणमध्ये एका दवाखान्यात काउंटरवर आहे. नाव विचारते, वय विचारते आणि मग प्रत्येकाला विचारते, कशाची अ‍ॅलर्जी आहे का? लोक सांगतात. मला सल्फाची आहे. पोराला शेंगदाण्याची आहे. आमच्या बाबांना एका इंजेक्शनची आहे, मागे जीव जाता जाता वाचला. मी ते ठळक लिहिते. यावर माणसाचा जीव असतो. या शब्दाचं काम हे आहे.

मध्ये एक बाई आल्या. बाकावर शेजारी खाडीकडची एक म्हातारी टोपली पायाशी ठेवून बसली होती. बाई काउंटरशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, तिला दुसरीकडे बसवा, मला अ‍ॅलर्जी आहे. मी पेन उचललं. विचारलं, काय होतं तुम्हाला? पुरळ येतं? श्वास अडकतो? त्या म्हणाल्या, तसं नाही हो, तुम्हाला कळतंय ना.

"कळतंय," मी म्हटलं. "म्हणूनच ती अ‍ॅलर्जी नाही. तिला दुसरं नाव आहे. ते मोठ्याने सांगा, मी लिहून घेते."

त्या निघून गेल्या. माझे डॉक्टर मला बोलले, पेशंट तुटतात अशाने. तुटू देत. म्हातारी जागची हलली नाही.

बाप थकला आहे, पण तळं ठेवलंय त्याने. या वर्षी एक जिताडा चांगला पोसलाय. परवा तळ्याच्या काठावर उभा राहून मला म्हणाला, "रोह्याला देऊन येऊ काय गो? एवढ्या वर्सात इसरले असतील ते." ते विसरले असतील. खरंच विसरले असतील. त्यांना लक्षात ठेवण्यासारखं काही झालंच नव्हतं.

मी म्हटलं, नाही. मी जाळं आणलं, मासा काढला, मीच खवले काढले, मीच तुकड्या केल्या. भाची शाळेतून आली. तिला डोक्याचा भाग वाढला. तिने विचारलं, हा तर साहेब लोकांचा मासा ना?

मी तिला सांगितलं की आता नाही. आमच्या तळ्यातला मासा यापुढे कुणाच्या पायरीवर जाणार नाही, आणि आमच्यातलं कुणी पायरीवर बसणार नाही. ज्याला आमचा विटाळ वाटतो त्याने विटाळ म्हणावं, आमच्या तोंडावर म्हणावं आणि काय होतं ते बघावं. त्याला मी अ‍ॅलर्जी म्हणू देणार नाही.